‘ग्राहकांच्या बदलत्या गरजा’: सिनॉप्सिसमधलं एक वाक्य आणि चेतक स्कूटर

व्यवस्थापन विषयातली कुठलीही सिनॉप्सिस उघडा. पहिल्या-दुसऱ्या पानावर हे वाक्य हमखास सापडतं: ‘ग्राहकांच्या बदलत्या गरजांनुसार व्यवसायातील नवोपक्रमांनी सतत बदलणे आवश्यक आहे.’ माझ्याही पहिल्या मसुद्यात ते होतं. वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. अडचण अशी की ते चूक ठरूच शकत नाही. कंपनी टिकली तर म्हणायचं, तिने गरज ओळखली. बुडाली तर म्हणायचं, ओळखली नाही. मग तपासायचं काय?

हे वाक्य एका खऱ्या उदाहरणावर घासून बघू.

बजाज ऑटोने १९७२ मध्ये चेतक आणली. तो परवाना राजचा काळ. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवणार, त्यामुळे नंबर लावून लोक कित्येक वर्षं थांबायचे. १९८५ मध्ये हिरो होंडाची कमी पेट्रोल पिणारी सीडी १०० आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि गिऱ्हाईक मोटारसायकलकडे वळलं. बजाजने २००१ मध्ये पल्सर काढली आणि २००९ च्या अखेरीस स्कूटर बनवणं बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. इथपर्यंत आपलं वाक्य झकास बसतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच दशकात होंडाची बिनगिअरची ॲक्टिव्हा देशातल्या सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांमध्ये जाऊन बसली. म्हणजे स्कूटरची गरज संपलेली नव्हतीच. तरीही बजाज बुडाली नाही. मोटारसायकल, तीनचाकी आणि निर्यातीच्या जोरावर ती उत्तम चालली. जानेवारी २०२० मध्ये चेतक परत आली, ती विजेवर चालणारी. मधली दहा वर्षं एका मोठ्या ग्राहकवर्गाकडे पाठ फिरवूनही कंपनी नफ्यात राहिली. आता ‘आवश्यक आहे’ या शब्दांचं काय करायचं?

माझ्या मते त्या वाक्यात तीन प्रश्न लपलेले आहेत.

पहिला, कोणाची गरज? तुळजापूर तालुक्यातलं जळकोट घ्या. शेतरस्त्याने दुधाचे कॅन नेणाऱ्याला मोठ्या चाकांची मोटारसायकलच सोयीची. तिथूनच हायवेने नळदुर्गला नोकरीला जाणाऱ्या बाईंना बिनगिअरची स्कूटर बरी. दोघंही ‘ग्राहक’च, पण उत्तरं उलटी.

दुसरा, गरज खरंच बदलली का? बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा १९८४ मध्येच आली होती. म्हणजे ॲक्टिव्हाने भागवलेली गरज निदान काही लोकांना आधीपासून होती. मग नंतर काय बदललं? किंमत, कर्जाची सोय, रस्ते की घराबाहेर पडणाऱ्या बायकांची संख्या? ही चार वेगवेगळी चलं आहेत. ‘बदलती गरज’ म्हटलं की चारही एका पोत्यात जातात.

तिसरा, कंपनीने ऐकायचं कोणाचं? थिओडोर लेव्हिट यांनी १९६० मध्ये ‘मार्केटिंग मायोपिया’ या लेखात सांगितलं की धंद्याची व्याख्या वस्तूवरून नको, ग्राहकाच्या गरजेवरून करा. क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी १९९७ मध्ये डिस्क ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्यांवरून उलट बाजू दाखवली: आपल्या सर्वांत चांगल्या ग्राहकांचं ऐकूनच चांगल्या कंपन्या मागे पडल्या. आपण सिनॉप्सिसमध्ये दोघांनाही एकाच कंसात टाकतो आणि पुढे जातो. दोघांमध्ये कुठे पटत नाही हे लिहिलं असतं, तर तीच आपली संशोधनातली पोकळी ठरली असती.

मग वाक्य काढून टाकायचं का? नाही, बारीक करायचं. उदाहरणार्थ: ‘२००१ नंतर जळकोट परिसरात ज्या घरांत पहिली बिनगिअर स्कूटर आली, ती कोणासाठी घेतली आणि ती व्यक्ती त्याआधी कशाने प्रवास करत होती?’ ती आधीपासून लूनावर फिरत असेल तर गरज जुनी, वस्तू नवी. आधी गाडी चालवतच नसेल, आणि नोकरी किंवा कॉलेज सुरू झाल्यावर गाडी आली असेल, तर गरज बदलली म्हणायला आधार आहे. आता हे विधान चूक ठरू शकतं, म्हणून ते तपासण्यासारखं आहे. फक्त लोक वीस वर्षांपूर्वीची कारणं आजच्या डोक्याने सांगतात, म्हणून गाडीच्या कागदावरचं वर्ष बघून घ्या. आणि दुय्यम आकडेवारी काढताना जपून: लातूर जिल्ह्यातही एक जळकोट आहे, आणि आपला जिल्हा २०२३ च्या आधीच्या कागदांत उस्मानाबाद या नावाने सापडतो.

बजाजच्या गोष्टीवरून मी एवढंच म्हणेन: धंद्याला बदलावं लागतं हे खरं, पण सगळ्यांच्या गरजांमागे कोणीच धावू शकत नाही. कोणाची गरज धरली आणि कोणाची सोडली, ही निवड असते. तिची किंमत कोणी मोजली, हे शोधणं आपलं काम. गाईडने ‘हे वाक्य कशावरून?’ असं विचारायच्या आधी स्वतःलाच विचारून बघा.