डॉन चिच्चोचं मत

ज्युझेप्पे तोमासी दी लाम्पेदूसाच्या ‘इल गात्तोपार्दो’ या कादंबरीतलं एक वाक्य कादंबरीपेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. सत्ता राखायची असेल तर बदलाच्याच बाजूने उभं राहावं, अशा अर्थाचं. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही तेही ते सांगतात. मीही बरीच वर्षं सांगत आलो. कुठे सत्तांतर झालं, जुनीच माणसं नव्या झेंड्याखाली दिसली, की हे वाक्य टाकायचं आणि शहाणं दिसायचं. अलीकडे कादंबरी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, की आपण इतकी वर्षं एका पात्राचा हिशेब लेखकाचा निष्कर्ष म्हणून खपवत होतो.

वाक्य तांक्रेदीचं आहे. तो सिसिलीतल्या सालिना घराण्याच्या प्रिन्स फाब्रित्सिओचा भाचा, देखणा, कर्जबाजारी आणि हुशार. मे १८६०मध्ये गारिबाल्डी सुमारे हजार स्वयंसेवक घेऊन मार्सालाला उतरतो आणि बूर्बाँ राजाची सत्ता डळमळते. तांक्रेदी बंडखोरांना सामील होतो. त्याला प्रजासत्ताक नको आहे. एका राजाच्या जागी दुसरा, पिएमोंतचा व्हित्तोरिओ इमॅन्युएल, आला तर आपल्या वर्गाचं निभावून जाईल एवढंच त्याचं गणित. ते फारसं चुकतही नाही. १८६१मध्ये इटलीचं राज्य जाहीर झालं तेव्हा या राजाने स्वतःला ‘पहिला’ म्हणवून न घेता आपला जुना ‘दुसरा’ हा क्रमांकच कायम ठेवला. नव्या देशाच्या पहिल्या संसदेसाठी मतदानाचा हक्क होता जेमतेम दोन टक्के लोकांना.

पण कादंबरीचा गाभा मला आता दुसरीकडे दिसतो. ऑक्टोबर १८६०मध्ये विलीनीकरणासाठी सार्वमत झालं. सिसिलीचा अधिकृत निकाल होता: ‘होय’ ४,३२,०५३, ‘नाही’ ६६७. लाम्पेदूसाने कल्पिलेल्या दोन्नाफुगाता गावात नोंदलेले मतदार ५१५, मतं ५१२, आणि सगळी ‘होय’. काही दिवसांनी प्रिन्स शिकारीला जातो. सोबत चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा डॉन चिच्चो तुमेओ. गरीब माणूस, बूर्बाँ राणीच्या मदतीमुळे आपण शिकलो हे तो विसरलेला नाही. तो संतापून सांगतो, की त्याने ‘नाही’ असंच मत दिलं होतं. गावचा नगराध्यक्ष डॉन कालोजेरो सेदारा याने ते गिळलं.

‘नाही’ची ती मतं मोजली असती तरी निकाल बदलला नसता, उलट त्याला वजन आलं असतं, हे प्रिन्सला तिथल्या तिथे कळतं. नवं राज्य जन्मलं त्याच दिवशी लोकांचा विश्वास मारला गेला, हे तो ओळखतो. यापेक्षा नेमकं राजकीय निदान मी कादंबऱ्यांत क्वचितच वाचलं आहे.

आणि लगेच पुढे काय होतं? तांक्रेदी त्याच सेदाराच्या मुलीशी, आंजेलिकाशी, लग्न करणार असल्याचं प्रिन्स चिच्चोला सांगतो. मागणी रीतसर घातली जाईपर्यंत बातमी फुटू नये म्हणून घरी परतल्यावर तो चिच्चोला बंदुकांच्या खोलीत, कुत्र्यांसोबत, बंद करून ठेवतो. सेदाराने त्याचं मत कोंडलं, प्रिन्सने त्यालाच कोंडलं. एक नव्या राजवटीचा माणूस, दुसरा जुन्या. दोघांची सोयरीक ठरेपर्यंत तिसऱ्याने गप्प बसायचं. हा प्रसंग लाम्पेदूसा जवळजवळ विनोदी ढंगाने लिहितो, म्हणून वाचताना सहज निसटतो. माझ्या हातून तो आधी निसटला होता.

कादंबरीवर जुना आक्षेप आहे, की ती सरंजामी उमाळ्याची आहे. लाम्पेदूसा स्वतः प्रिन्स होता. त्याचा पालेर्मोतला वाडा १९४३च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. एलिओ व्हित्तोरिनीने हस्तलिखित नाकारलं, आणि १९५८मध्ये पुस्तक आलं तेव्हा लेखक हयात नव्हता. अनेक डाव्या समीक्षकांनी तिला प्रतिगामी ठरवलं. फ्रेंच कम्युनिस्ट कवी लुई आरागाँने मात्र तिची बाजू घेतली. आक्षेपात तथ्य आहेच. ऑगस्ट १८६०मध्ये ब्रोन्ते गावात जमीन मागणारे शेतकरी उठले. त्यांनी माणसंही मारली. गारिबाल्डीचा सेनानी नीनो बिक्सिओ याने घाईघाईने खटला उरकून पाच जणांना गोळ्या घातल्या. कादंबरी त्याच महिन्यांत घडते, पण हे शेतकरी तिच्यात बोलत नाहीत. प्रिन्सच्या खिडकीतून ते दिसतात तेवढेच.

तरीही ‘काहीच बदलत नाही’ असं ही कादंबरी म्हणत नाही. व्हिस्कोंतीचा १९६३चा चित्रपट नृत्याच्या त्या दीर्घ रात्रीनंतर थांबतो, म्हणून तसा समज होत असावा. पुस्तक १९१०पर्यंत जातं. प्रिन्स मेलेला, घराणं तीन म्हाताऱ्या मुलींवर संपत आलेलं, त्यांनी जपलेल्या पवित्र अवशेषांतले बहुतेक चर्चने बनावट ठरवलेले. प्रिन्सच्या लाडक्या कुत्र्याचं पेंढा भरलेलं कातडं कचऱ्यात जातं. तांक्रेदीची विधवा आंजेलिका गारिबाल्डीच्या आगमनाच्या पन्नासाव्या वर्षाच्या सोहळ्याची तयारी करते आहे. म्हणजे बदल झाला, आणि तांक्रेदीच्या बेतापेक्षा मोठा झाला. सेदाराची मुलगी क्रांतीची मानकरी झाली, सालिना संपले. चिच्चोचं मत मात्र कुणी पुन्हा मोजलं नाही.

ते वाक्य वापरण्यात माझी चूक इथे होती. ‘सगळे सारखेच, काही बदलत नाही’ असं म्हणताना मला वाटायचं, मी सत्ताधाऱ्यांची लबाडी उघड करतो आहे. प्रत्यक्षात ज्याने मनापासून ‘नाही’ लिहिलं त्याच्या रकान्यात मीही शून्यच मांडत होतो. निकाल तोच लागला असता हे खरं. पण ६६७ आणि शून्य यांत फरक असतो, आणि लाम्पेदूसाला तो माझ्याआधी कळला होता.