टाळ्या कोणासाठी होत्या? ज्यू इतिहास, सिनेमा आणि आपली नजर

आजचा विषय नेहमीपेक्षा जरा वेगळा आहे. एरवी एखादा ग्रंथ घ्यायचा, त्याची बाजू नीट मांडायची आणि मग त्यातली गोम कुठे आहे ते बघायचं, असा आपला शिरस्ता. आज ग्रंथाऐवजी एका कार्यक्रममालेची समीक्षा करायची आहे.

झालं असं, की गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीत होतो. बाहेर बर्फ, घरातले सगळे कामावर. तिथून चालत दहा मिनिटांवर ज्यू लोकांचं एक समाजकेंद्र आहे. पोहण्याचा तलाव, बालवाडी, वाचनालय आणि एक छोटं प्रेक्षागृह. दर गुरुवारी तिथे ज्यू इतिहास आणि संस्कृतीवर एखादं व्याख्यान किंवा सिनेमा, मग चर्चा आणि कॉफी. सगळ्यांना मुक्तद्वार. आम्ही नऊ गुरुवार गेलो.

आधीच सांगतो, आयोजनात खोट काढायला जागा नव्हती. वक्ते तयारीचे, आणि आमच्याच वयाचे श्रोते वही-पेन घेऊन बसलेले. आमची तक्रार आहे ती निवडीबद्दल, आणि त्याहून जास्त, तिथे बघायला कसं शिकवलं गेलं याबद्दल. ही तक्रार शेवटी आमच्यावरच कशी उलटली, तेही सांगणार आहोत.

नऊपैकी सहा गुरुवार मृत्यूचे होते. आता लगेच गैरसमज नको. साठ लाख माणसं मारली गेली, त्यावर बोलायचं नाही तर कशावर बोलायचं? आलँ रेने यांचा १९५६चा 'नाइट अँड फॉग' दाखवला. अवघ्या बत्तीस मिनिटांचा माहितीपट. त्याचं निवेदन लिहिणारे कवी झाँ केरॉल स्वतः छळछावणीतून वाचलेले. तरीही त्या निवेदनात 'ज्यू' हा शब्द जेमतेम येतो, आणि यावर तिथे उत्तम चर्चा झाली. मग क्लोद लान्झमान यांच्या १९८५च्या 'शोआ'तला काही भाग, कारण पूर्ण चित्रपट साडेनऊ तासांच्या आसपास आहे. लान्झमान यांनी जुनी चित्रफीत एकही वापरली नाही. प्रेतांचे ढीग दाखवले नाहीत. वाचलेली माणसं, शेजारी, आणि त्या यंत्रणेत काम केलेली माणसं बोलतात, आणि कॅमेरा आज गवत उगवलेल्या जागा दाखवतो. या दोन संध्याकाळी आम्ही विसरणार नाही.

तक्रार सुरू होते ती 'द डिबुक'पासून.

हा १९३७चा यिडिश चित्रपट. पोलंडमध्ये तयार झालेला, दिग्दर्शक मिखाऊ वाशिन्स्की. मूळ नाटक आन्-स्की यांचं. १९१२ ते १९१४ या काळात या आन्-स्कींनी तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या खेड्यापाड्यांत फिरून ज्यू लोकांच्या गोष्टी, गाणी, समजुती गोळा केल्या होत्या. कथा आपल्याला मुळीच परकी वाटणार नाही. दोन मित्र एकमेकांना शब्द देतात, की आपल्या पोटी मुलगा-मुलगी झाली तर त्यांचं लग्न लावायचं. म्हणजे आपल्याकडे पोटातच सोयरीक ठरायची, तसं. पुढे मुलाचा बाप मरतो, मुलीचा बाप श्रीमंत होतो आणि दिलेला शब्द विसरतो. मुलगा गरीब विद्यार्थी. मुलीचं लग्न दुसरीकडे ठरल्याचं कळतं आणि तो जागीच मरतो. मग ऐन लग्नात त्याचा आत्मा तिच्या अंगात येतो. कोकणात वाढलेल्या माणसाला 'झाड लागणं' समजावून सांगावं लागत नाही. पण पुढची गोष्ट विलक्षण आहे. रब्बी धर्मसभा भरवतात, आणि तिच्यात फिर्यादी कोण? तर मुलाचा मेलेला बाप! मेलेल्या माणसाला दिलेला शब्द जिवंताला बांधतो का? जी मुलं अजून जन्मालाच आली नाहीत त्यांच्या वतीने शब्द देण्याचा अधिकार कोणाला? आणि यात मुलीला कोणी विचारलं? नीतिशास्त्राचा अख्खा वर्ग या एका प्रवेशावर घेता येईल.

यातलं त्या संध्याकाळी काही झालं नाही. वक्त्यांनी प्रास्ताविकातच सांगितलं, की पडद्यावर जे जग दिसेल ते आणखी काही वर्षांत नष्ट होणार आहे, हे ध्यानात ठेवून बघा. आम्ही तसंच बघितलं. लग्नातला नाच सुरू झाला की शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. चर्चेत सगळे युद्धावर बोलले. त्या शब्दाबद्दल, त्या मुलीबद्दल, त्या न्यायसभेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

म्हणजे बघा, १९३७च्या कलावंतांना १९४२ माहीत नव्हतं. ते सिनेमा करत होते, निरोप घेत नव्हते. मायकल आंद्रे बर्नस्टाइन यांनी १९९४च्या 'फोरगॉन कन्क्लूजन्स' या पुस्तकात हाच दोष दाखवला आहे. पुढे जे घडलं त्याची सावली आपण मागच्या काळावर पाडतो. मग त्या काळातल्या माणसांच्या निवडी, भांडणं, चुका, विनोद यांना अर्थच उरत नाही. ती फक्त मरणाची वाट बघणारी माणसं होतात. ज्याने त्यांना मारलं त्यालाच आपण त्यांच्या आयुष्याचा अर्थ ठरवू देतो. आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

हा आक्षेप काही आमचा शोध नव्हे. सालो बॅरन नावाच्या इतिहासकाराने १९२८ सालीच लिहिलं होतं, की ज्यूंचा इतिहास म्हणजे नुसती अश्रूंची माळ, ही मांडणी आता टाकून द्यायला हवी. तुम्ही म्हणाल, १९२८ला हे लिहिणं सोपं होतं. बरोबर. पुढे याच बॅरन यांचे आईवडील आणि बहीण नाझींनी मारले. तरी १९६१ साली जेरुसलेममध्ये आइकमनच्या खटल्यात साक्षीला उभे राहिल्यावर त्यांनी न्यायालयाला काय सांगितलं? युद्धापूर्वीच्या युरोपातलं ज्यूंचं जीवन किती भरलेलं होतं, ते. काय गेलं हे कळायचं तर आधी काय होतं हे कळायला हवं. आम्हाला वाटतं, प्रत्येक शोकसभेने हा क्रम पाळावा.

आता यावर कोणी म्हणेल, की म्हणजे तुम्हाला आनंदी सिनेमे हवेत. मुळीच नाही. एक 'फिडलर ऑन द रूफ' होताच, आणि तो बघून सगळे गुणगुणत घरी गेले. दुःखाऐवजी गोड आठवण, हा काही उतारा नाही. उतारा त्याच मालिकेत होता, फक्त कोणी तिकडे नीट पाहिलं नाही.

२०१८चा 'हू विल राइट अवर हिस्टरी' हा माहितीपट. वॉर्सा गेटोत कोंडलेला इमानुएल रिंगेलब्लुम हा इतिहासकार पन्नास-साठ माणसं जमवतो आणि गुप्तपणे दप्तर सुरू करतो. काय गोळा करतात ते? रोजनिश्या, निबंध, मुलाखती तर आहेतच. शिवाय ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटांचे कागद, नाटकाच्या जाहिराती. पत्र्याच्या डब्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून हे सगळं पुरून ठेवलं. एक भाग १९४६ला सापडला, दुसरा १९५०ला. लिहिणाऱ्यांपैकी तीनच माणसं वाचली. आता विचार करा, उपासमारीत माणूस गोळीचा कागद का जपतो? कारण त्याला ठाऊक आहे, की आपला इतिहास आपण लिहिला नाही तर मारणारा लिहील. तो बळी आहेच, पण तो इतिहासकारही आहे. चर्चेत मात्र या माणसांचं 'शौर्य' तेवढं आलं. त्यांनी काय लिहिलं, हे कोणी विचारलं नाही.

शेवटचा गुरुवार भारतातल्या ज्यूंचा होता. आम्ही उत्साहाने पुढच्या रांगेत बसलो. वक्त्यांनी कोचीचं १५६८चं परदेशी सिनेगॉग, तिथल्या निळ्या-पांढऱ्या फरशा सविस्तर दाखवल्या. कोकणातल्या बेने इस्रायलांच्या वाट्याला दोन चित्रं आली. मग ते म्हणाले, जगात भारत हा एकच देश असा, जिथे ज्यूंचा कधी छळ झाला नाही. सभागृहातल्या एकुलत्या एका भारतीय जोडप्याकडे सगळे वळले आणि टाळ्या वाजल्या. खोटं कशाला बोलायचं, ऊर भरून आला. आम्ही हात जोडले.

परतताना बर्फातून चालता चालता आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "टाळ्या कोणासाठी होत्या हो?"

आम्ही थांबलोच. एक तर ते विधान जसंच्या तसं खरं नाही. गोव्यात पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन १५६०ला आलं. औषधी वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ गोव्यातच १५६३ला छापणारे गार्सिया द ओर्ता ज्यू वंशाचे. त्यांच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि त्यांची स्वतःची हाडं मरणानंतर बारा वर्षांनी उकरून जाळली. राज्य परक्यांचं होतं, पण भूमी हीच.

खरी गोष्ट त्याही पुढची आहे. समजा ते विधान सोळा आणे खरं धरलं, तरी ते कोणाबद्दल आहे? आपल्याबद्दल! युरोपच्या गोष्टीत ज्यू हे युरोपच्या क्रौर्याचे साक्षीदार, भारताच्या गोष्टीत आपल्या चांगुलपणाचे. दोन्हीकडे प्रमाणपत्र दुसऱ्याचं, त्यांचा नुसता शिक्का.

आमचं बालपण अलिबागचं. शाळेत गणिताचे गुरुजी बेने इस्रायल होते. आडनाव गावावरून, शेवटी 'कर', घरी बोली आमचीच. गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, एवढंच आम्हाला माहीत. त्यांच्याकडून मलिद्याचा प्रसाद यायचा, गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. आम्ही खाल्ला. तो एलियाहू हनावीच्या नावाने असतो, हे पन्नाशीनंतर वाचून कळलं. साठच्या दशकात गुरुजी इस्रायलला गेले. इथे कोणी त्रास दिला नव्हता, मग का गेले? आम्ही विचारलं नाही. तिथे लग्नाच्या वेळी बेने इस्रायलांच्या पूर्वजांची चौकशी होऊ लागली, त्याविरुद्ध ते रस्त्यावर उतरले, आणि १९६४ला तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला. हा लढा मराठी माणसांनी दिला, आणि मराठीत त्याची आठवण कितीशी आहे?

त्यांनी स्वतः काय केलं, तेही आम्ही वाचलं नव्हतं. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ला मुंबईत मराठी भाषांतरासह छापली. १८७४ची पुण्याची आवृत्ती सचित्र आहे, आणि तिच्यात साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर रोट्या करताना दिसतात. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधली आख्यानं लावून मराठी कीर्तनं केली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ला लिहून पुरा केला, आणि तो तेल अवीवमध्ये छापून निघाला १९३७ला. हो, 'द डिबुक'च्याच वर्षी.

तेव्हा त्या समाजकेंद्राला आमची सूचना साधी आहे. मृत्यूचे गुरुवार कमी करू नका. प्रत्येक सिनेमाआधी एवढंच विचारा, की ही माणसं इथे काय करत आहेत, कशावर वाद घालत आहेत? तालमूदच्या पानावर मध्ये मूळ वचन आणि भोवती भाष्यकारांचे मतभेद असतात, हरलेलं मतसुद्धा जपलेलं असतं. आपल्याकडे पूर्वपक्ष मांडतात तसंच. ज्या समाजाने वाद जपला, त्याच्याविषयी बोलताना आपण नुसतं हळहळून किंवा नुसतं कौतुक करून कसं भागेल?

आणि सूचना स्वतःलाही. पुढच्या वेळी टाळ्या वाजल्या की हात जोडायच्या आधी गुरुजींचं घर आठवायचं. प्रसाद खाल्ला होता, कशाचा ते विचारलं नव्हतं.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. तुमच्यापैकी कोणाच्या शेजारी, शाळेत अशी घरं होती, त्यांनी आधी बोलावं.