शेपटातला एक ग्रॅम

सागाच्या मुलखात राहून बाल्साचे तुकडे जोखत बसायचं, म्हणजे जरा वेडेपणाच. आमच्या आदिलाबादचा साग घनमीटरला 650 किलोच्या आसपास भरतो, बाल्सा 100 ते 200. तोही लहरी, एकाच जाडीच्या दोन पट्ट्या सारख्या वजनाच्या निघतील तर शपथ. म्हणून मॉडेल विमानाच्या किटचा डबा उघडला की आधी सोनारकाटा, चाकू मागाहून.

टेबलावर आहे ते स्पिटफायर. पंख 40 सेंटिमीटर, उडणार रबराच्या पिळावर. अंगावर ‘यूएम’ ही अक्षरं, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची 152 हैदराबाद स्क्वाड्रन. तिच्या बोधचिन्हात निजामाचं शिरोभूषण होतं आणि आदिलाबाद तेव्हा निजामाच्याच राज्यात. माझा लोभ तिथून सुरू झाला.

उजेडात धरलं की नजर पंखावरून हलत नाही. कड लंबवर्तुळाची, त्यामुळे बरगड्या मुळापासून टोकाकडे आखडत जातात, एक दुसरीसारखी नाही. वर टिश्यू कागद. पाण्याचा बारीक फवारा मारला की वाळताना तो ताणून बसतो आणि आतला सांगाडा दिसू लागतो. त्यावर रंगाचा जाड हात द्यायचा मोह होतोच. निर्मळची खेळणी आठवतात (2016 पर्यंत निर्मळ आमच्याच जिल्ह्यात होतं). तिथले कारागीरही पोनिकीचं हलकं, मऊ लाकूड घेतात, पण वर चिंचोक्याचं लुकण आणि चकचकीत रंग चढवतात. तिथल्या लाकडी मोराला फळीवर बसायचं असतं. माझ्या विमानाला ती चैन नाही.

खरी मेख शेपटात. तोलाच्या बिंदूपासून नाक जवळ, शेपूट जवळपास तिप्पट लांब. शेपटात 1 ग्रॅम जास्त झाला की नाकात 3 ग्रॅम क्ले कोंबायची. चुकीची किंमत 4 ग्रॅम. पहिल्या विमानाच्या शेपटाला मी ऐन पावसाळ्यात डोपचा, म्हणजे कागद ताठ करणाऱ्या रोगणाचा, तिसरा हात दिला होता, सर्दावलेला कागद सैल दिसला म्हणून. ते गच्चीवरून धोंड्यासारखं खाली आलं. गंमत अशी, की खऱ्या स्पिटफायरचं दुखणं उलटं होतं. पुढच्या आवृत्त्यांत इंजिन आणि पंखा जड होत गेले, तेव्हा तोल राखायला शेपटात वजनं बसवावी लागली. रचनाकार मिचेलच्या 1936च्या त्या सडसडीत विमानावर मला हा अन्यायच वाटतो.

या खेपेला शेपटाची चौकट मऊ काचपेपरने घासून निम्मी केली, कागदही रंगीतच लावला, रंग नाहीच. अक्षरं राखाडी टिश्यूतून कापली. काटा 27 ग्रॅम दाखवतो. हवाई दलाच्या गोल चिन्हाच्या मागचं, शेपटाकडचं शेवटचं अक्षर तेवढं अजून चिकटवलेलं नाही.