हिस्लॉपचरित्र आणि नागपूर

स्टीफन हिस्लॉप यांचें जॉर्ज स्मिथकृत इंग्रजी चरित्र १८८८ सालीं निघालें. त्याच्या नांवांतच 'मिशनरी' व 'निसर्गशास्त्रज्ञ' हे शब्द शेजारीं बसले आहेत. केरी व डफ यांचींही चरित्रें लिहिणाऱ्या स्मिथसाहेबांस पहिला शब्द प्रिय असावा, हें स्वाभाविकच. आम्हांस मात्र दुसऱ्याचें मोल अधिक वाटतें.

१८४५ सालीं हिस्लॉप येथें आले, तेव्हां नागपूर ही भोसल्यांची राजधानी होती व जवळच कामठीस इंग्रजी छावणी. धर्मप्रसारास क्षेत्र निवडणारा वस्ती, रस्ते आणि छावणीचा आसरा पाहतो. शहरालाही स्वतःचें मन असतें, हें त्याच्या हिशेबांत येत नाहीं. मुलगा मिशनच्या शाळेंत घालणें निराळें आणि कुळधर्म सोडणें निराळें, हा भेद येथील गृहस्थ पक्का जाणून होते. शाळा वाढली, १८८३ पासून त्यांच्या नांवाचें कॉलेजही चालूं आहे. चर्चविषयीं तसें कोण म्हणेल?

पण हेच हिस्लॉप टाकळीच्या खडकांत जीवाश्म शोधीत आणि गोंडांची भाषा टिपून घेत. उपदेशकाला ऐकण्याची एवढी हौस क्वचितच असते! टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना ४ सप्टेंबर १८६३ रोजीं पुराच्या नाल्यांत ते बुडाले. त्यांचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापलीं. त्यांत लिंगोचें दीर्घ गीत मूळ गोंडींत, इंग्रजी अर्थासह आहे. चरित्राआधीं वाचकांनीं तें पुस्तक उघडावें, अशी आमची शिफारस आहे.