भोक पाडलेला ठोकळा आणि चार पुस्तके

संगणकाच्या पडद्यावर घन काढणे सोपे आहे. बारा रेषा ओढल्या की झाले. पण त्या रेषांच्या आत पदार्थ आहे की पोकळी, हे संगणकाला कसे कळावे? या प्रश्नातून १९७० च्या दशकात ‘सॉलिड मॉडेलिंग’ ही शाखा आकाराला आली. तिच्यावरचे चांगले पुस्तक कोणते, हे ठरवण्यासाठी आम्ही शाळेतलीच एक कसोटी घेतली.

शिरोबिंदू वजा कडा अधिक पृष्ठे बरोबर दोन, हे ऑयलरचे सूत्र आपण शिकवतो. आता साबणाच्या वडीला आरपार चौकोनी भोक पाडा आणि मोजा. शिरोबिंदू १६, कडा २४, पृष्ठे १०. उत्तर पुन्हा दोनच! म्हणजे भोकाने काही फरक पडत नाही का? पडतो. वरच्या व खालच्या पृष्ठांच्या मधोमध खिडकी आहे. अशी पृष्ठे सूत्रात चालत नाहीत. प्रत्येकीवर बाहेरच्या कोपऱ्यांपासून आतल्या कोपऱ्यांपर्यंत चार रेषा ओढा. आता कडा ३२, पृष्ठे १६, शिरोबिंदू तेच १६. उत्तर शून्य. भोक सापडले! आधीचे ‘दोन’ हा निव्वळ योगायोग होता.

हे कोडे सर्वांत नीट उलगडते ते फिनलंडच्या मार्ती मॅन्टिला यांच्या ‘ॲन इंट्रोडक्शन टू सॉलिड मॉडेलिंग’ (१९८८) या पुस्तकात. पृष्ठावरच्या खिडक्या आणि आरपार भोके वेगवेगळी मोजणारे विस्तारित सूत्र तर ते देतातच; शिवाय एकेक शिरोबिंदू व कड जोडत, सूत्र न मोडता, वस्तू कशी घडवायची हे सी भाषेतील प्रोग्रॅमसह दाखवतात. उणीव एवढीच, की भर सपाट पृष्ठांच्या वस्तूंवर आहे.

क्रिस्टोफ हॉफमन यांचे ‘जिऑमेट्रिक अँड सॉलिड मॉडेलिंग’ (१९८९) अधिक खोल आणि अधिक कठीण आहे. त्याचे मोल दुसऱ्याच कारणासाठी. कागदावर एखादा बिंदू पृष्ठावर असतो किंवा नसतो. संगणकात मात्र ०.१ ही संख्या दहा वेळा मिळवली तर नेहमीच्या गणनपद्धतीत नेमका १ येत नाही. अशा सूक्ष्म चुकीमुळे बिंदू आत की बाहेर, याचा निर्णय फिरतो आणि वस्तूच फाटते. हा धोका हॉफमन झाकून ठेवत नाहीत. पण बीजगणिताची चांगली तयारी नसेल तर उत्तरार्ध वाचवत नाही.

मायकेल मॉर्टेन्सन यांचे ‘जिऑमेट्रिक मॉडेलिंग’ (१९८५) नावावरून याच विषयाचे वाटते. प्रत्यक्षात वक्र रेषा आणि वक्र पृष्ठे यांनी त्यातली बरीच जागा घेतली आहे. त्या विषयासाठी ते उत्तम; घनवस्तूंसाठी पहिले पुस्तक म्हणून आम्ही ते सुचवणार नाही.

चौथे पुस्तक म्हणजे फोली, व्हॅन डॅम, फायनर आणि ह्यूज यांचा ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स : प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस’ हा जाडजूड ग्रंथ. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतले (१९९०) बारावे प्रकरण तेवढे वाचावे. दोन ठोकळे एकमेकांना नुसते टेकले तर त्यांचा छेद काय? संचांच्या नियमाने एक चौकोन. पण त्याला जाडी नाही, म्हणून घनवस्तूंच्या हिशेबात ‘काही नाही’. हा मुद्दा तिथे चित्रांसह सोपा केला आहे. मात्र प्रकरण एकच असल्याने पुष्कळसे थोडक्यात आटोपले आहे.

ही पुस्तके जुनी झाली, असा आक्षेप येईल. त्यांतले प्रोग्रॅम आणि यंत्रे जुनी झाली हे खरे. पण वस्तूचे आत आणि बाहेर ठरवण्याचा प्रश्न जुना झालेला नाही. त्रिमिती छपाईच्या यंत्रालाही आज तोच सोडवावा लागतो.

तेव्हा आमचा सल्ला असा : आधी बारावे प्रकरण, मग मॅन्टिला, आणि उत्साह टिकला तर हॉफमन. पण त्याहीआधी वर्गात साबणाची एक वडी न्या, आणि मुलांना मोजू द्या. ‘दोन’ आल्यावर लगेच उत्तर सांगू नका.