योशिको यामागुची : गाणे, थप्पड आणि सुझौ

एखाद्या नटीचे चरित्रच फार नाट्यमय असले की तिच्या कामाकडे बघायचे राहून जाते. योशिको यामागुची (१९२०-२०१४) हिच्याबाबत तसेच झाले आहे.

चरित्र थोडक्यात असे. मांचुरियात जपानी आईवडिलांच्या पोटी जन्म, अस्खलित चिनी भाषा, वडिलांच्या चिनी स्नेह्याने दिलेले ली श्यांगलान हे नाव. १९३८ मध्ये जपानच्या अंकित असलेल्या मांचुकुओतील चित्रपटसंस्थेने तिला याच नावाने, चिनी मुलगी म्हणून पडद्यावर आणले. जपानी प्रेक्षक ते नाव 'री कोरान' असे उच्चारत. युद्धानंतर शांघायमध्ये तिच्यावर चीनशी द्रोह केल्याचा आरोप आला. कुटुंब-नोंदणीच्या कागदावरून ती जपानी असल्याचे सिद्ध झाले आणि १९४६ मध्ये तिची सुटका झाली. पुढे कुरोसावांचा 'स्कँडल', हॉलिवूड आणि १९७४ पासून जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात अठरा वर्षे.

न्यायालयाने ती कोण आहे, एवढेच तपासले. तिने पडद्यावर काय केले, हे तपासणे समीक्षेचे काम आहे.

त्यासाठी १९४० चा 'शिना नो योरू' (चीनच्या रात्री) पाहा. युद्धात घरदार गमावलेली, जपान्यांचा द्वेष करणारी चिनी तरुणी शांघायमध्ये एका जपानी बोट-अधिकाऱ्याच्या आश्रयाला येते. ही अधिकाऱ्याची भूमिका काझुओ हासेगावाची. तो तिला थप्पड मारतो आणि तिचा द्वेष विरघळून प्रेम होते. जपानी प्रेक्षकाला ती थप्पड मायेची वाटली. चिनी प्रेक्षकाला मात्र तो दुहेरी अपमान होता : आधी मार, मग मारणाऱ्यावरच प्रेम. हे विश्लेषण खुद्द यामागुचीने नंतर आत्मचरित्रात केले आहे आणि माझ्या मते या चित्रपटावरची ती सर्वांत नेमकी टीका आहे.

पण थप्पड ओळखणे सोपे आहे, गाणे अवघड. याच चित्रपटात र्योइची हात्तोरींनी संगीत दिलेले, सुझौ शहरावरचे गीत ती गाते. पाश्चात्त्य पद्धतीने कमावलेला तिचा गळा इथे विलक्षण मऊ लागतो आणि शहर स्वप्नासारखे शांत भासते. आता तारीख आठवा : नोव्हेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्याने हेच सुझौ जिंकून घेतले होते. म्हणजे थप्पड जे आरडाओरडा करून सांगते, तेच हे गाणे हळुवारपणे पटवते. तुम्ही ते आधी डोळे मिटून ऐका, मग प्रसंगासह पाहा. गोडवा तोच राहतो, पण त्याच्यावरचा विश्वास डळमळतो.

तिच्या प्रत्येक गाण्याला मात्र ही कसोटी जशीच्या तशी लावू नका. १९४४ चे 'ये लाय श्यांग' हे ली जिनग्वांग या चिनी संगीतकाराचे गाणे. तेही जपानी ताब्यातल्या शांघायमधलेच. पण त्यामागे थप्पड मारणारा नायक नाही. पुढे तेरेसा तेंगने ते पुन्हा गायले, आणि कित्येकांना ते तिचेच वाटते.