सिनेमातला रिकामा किनारा

हिंदी सिनेमातला गोव्याचा किनारा बहुतेक वेळा रिकामा असतो. पात्रं तिथे पोचतात तेव्हा समुद्र त्यांच्यासाठीच राखून ठेवल्यासारखा दिसतो. जाळी सुकवणारं कुणी नाही, कणीस विकणारं कुणी नाही, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लाटेत फोटो काढणारी बारा जणांची टोळी तर नाहीच नाही. सुट्टीत बागा किंवा कळंगुटला जाऊन आलेल्या कुणालाही ठाऊक आहे की असा किनारा मिळत नसतो. तरीही आपल्या डोक्यात तोच ‘खरा’ किनारा म्हणून बसलाय, आणि समोरची गर्दी ही त्याची बिघडलेली प्रत वाटते.

मी मेहरूणचा. जळगावहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. खानदेशातल्या माझ्या वयाच्या बहुतेकांनी समुद्र आधी टीव्हीवर पाहिला, मग प्रत्यक्षात. किनाऱ्यावर काय घालायचं, कसं बसायचं, कुठल्या अँगलनं फोटो काढायचा, हे सगळं आम्हाला सिनेमानं शिकवलं. म्हणून त्या शिकवणीतून काय वगळलं गेलं तेही बघायला हवं. त्यासाठी तीन सिनेमे घेतो: ‘दिल चाहता है’, ‘डिअर जिंदगी’ आणि आपला ‘किल्ला’. तिघांनाही एकच साधा प्रश्न विचारायचाय. यातली माणसं समुद्रापर्यंत पोचतात कशी?

तटावरचे तिघं

फरहान अख्तरचा ‘दिल चाहता है’ २००१ चा. आकाश, समीर आणि सिद्धार्थ उघड्या टपाच्या मर्सिडीजमधून मुंबईहून गोव्याला निघतात. हा प्रवास गाण्यात होतो आणि गाणं संपतं तेव्हा गोवा आलेला असतो. मग शापोऱ्याच्या किल्ल्याच्या तटावर बसून, समुद्राकडे बघत, तिघं मैत्रीबद्दल आणि पुढच्या आयुष्याबद्दल बोलतात. हा प्रसंग आजही जुना वाटत नाही. कुणी भाषण ठोकत नाही, पार्श्वसंगीत रडायला लावत नाही, आणि पुढे या मैत्रीत जे बिनसणार आहे त्याची चाहूल त्या निवांतपणातच लागते.

पण हा निवांतपणा दिग्दर्शकानं तयार केलेला आहे. शापोरा हे मासेमारीचं बंदर आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी होड्या लागतात, मासळी उतरते. यातलं काहीच त्या तटावरून दिसत नाही. तिघांच्या मैत्रीला जागा हवी होती, म्हणून गाव फ्रेमच्या बाहेर गेलं.

यावर कुणी म्हणेल, सिनेमा मैत्रीवर आहे, मासळीवर नाही. कबूल. कुठल्याही दिग्दर्शकाला काय दाखवायचं ते निवडावंच लागतं. पण एखादं दृश्य इतकं गाजतं तेव्हा ते पडद्यावरून उतरून जागेवरच जाऊन बसतं. पोर्तुगीजांच्या त्या किल्ल्याला आज कितीतरी पर्यटक सिनेमाच्या नावानं ओळखतात. तटावर त्याच पोझसाठी मंडळी नंबर लावून उभी असतात आणि प्रत्येक ग्रुप दुसऱ्याला सांगतो, “जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय.” सिनेमात हे ‘बाजूला व्हा’ आधीच सांगून झालेलं होतं, म्हणून आपल्याला ते ऐकू आलं नाही.

घराचं दार दिसलं, किनाऱ्याचं नाही

गौरी शिंदे यांचा ‘डिअर जिंदगी’ (२०१६) जास्त गुंतागुंतीचा आहे. यातली कायरा स्वतः सिनेमॅटोग्राफर. मुंबईतलं भाड्याचं घर तिला सोडावं लागतं, कारण तिथे अविवाहित भाडेकरू नको असतात. पुण्या-मुंबईत फ्लॅट शोधलेल्या कुणालाही हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही. नाइलाजानं ती गोव्यात आईवडिलांकडे येते आणि तिथे तिला डॉ. जहांगीर खान हा थेरपिस्ट भेटतो.

समुद्राशी कबड्डी खेळण्याचा त्यांचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. लाट आली की मागे पळायचं, गेली की पुढे. सल्ला देण्याऐवजी डॉक्टर पेशंटच्या हाती एक खेळ ठेवतो. थेरपीबद्दल बोलायला लाजणाऱ्या आपल्या समाजासाठी हे दृश्य मोठं काम करून गेलं.

माझी तक्रार वेगळी आहे. एकट्या मुलीच्या तोंडावर घराचं दार कसं बंद होतं, हे या सिनेमाला नेमकं कळतं. कुणाला कुठे राहू द्यायचं, हे ठरवणारी माणसं त्याला दिसतात. पण तीच नजर किनाऱ्यावर आली की सैल पडते. तिथे कुणाला येऊ दिलं जातं आणि कुणाला नाही, हा प्रश्न त्याला पडत नाही. समुद्र हा डॉक्टरच्या क्लिनिकचाच एक भाग होतो: शांत, सुंदर आणि दोघांपुरता. मुंबईतलं खासगीपण अन्यायाचं वाटतं, गोव्यातलं खासगीपण औषधाचं.

‘प्रायव्हेट बीच’ नावाची वस्तू

सिनेमातला हा रिकामा किनारा आता विकतही मिळतो. हॉटेलच्या जाहिरातीत तो ‘प्रायव्हेट बीच’ या नावानं येतो. ऑफिसच्या एका सहलीत आम्ही अशाच एका रिसॉर्टवर होतो. मनगटाला कागदी पट्टा बांधलेला. वाळूत एक दोरी लावलेली, आणि दोरीपाशी उभा गार्ड शहाळीवाल्याला पलीकडूनच परत पाठवत होता. दोरीच्या दोन्ही बाजूंना वाळू सारखीच होती.

कायद्यात त्या दोरीला आधार नाही. आपल्याकडे भरतीच्या रेषेखालचा किनारा कुणा हॉटेलच्या सातबाऱ्यावर चढत नाही. किनारपट्टी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ मध्ये निघाली आणि भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्याला नियम लागू झाले. त्यात हॉटेलांसाठी दोन अटी होत्या. दोन रिसॉर्टच्या मध्ये लोकांना समुद्राकडे जाता यावं म्हणून किमान २० मीटर रुंद जागा मोकळी सोडायची. आणि कुंपण घातलं तरी त्यानं लोकांची वाट अडता कामा नये.

म्हणजे १९९१ मध्ये अधिसूचना लिहिणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं की किनारा बळकावायला वाळू विकत घ्यावी लागत नाही. तिथे जाणारी वाट अडवली की काम होतं. आमच्या कामात याला समांतर गोष्ट आहे. एखादं पान इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडं असतं, पण त्याची लिंक कुठेच दिलेली नसते. तांत्रिकदृष्ट्या पान सार्वजनिक, प्रत्यक्षात फक्त लिंक असणाऱ्यांचं.

दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची गोष्ट हीच आहे. तिथल्या ‘सिदाद द गोवा’ हॉटेलसाठी सरकारनं भूसंपादन करून दिलं. १९८३ च्या करारात अट होती की लोकांची किनाऱ्याकडे जायची वाट खुली राहील. पुढे त्याच जमिनीवर बांधकाम झालं, स्थानिक लोक कोर्टात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. जानेवारी २००९ मध्ये निकाल लोकांच्या बाजूनं लागला. समुद्रकिनाऱ्यासारखी नैसर्गिक संपत्ती सरकारकडे जनतेची विश्वस्त म्हणून असते, हे तत्त्व न्यायालयानं त्यात पुन्हा मांडलं. त्याच वर्षी गोवा सरकारनं भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवलं. एका वाटेसाठी इतकी वर्षं भांडण चालतं, यावरून त्या वाटेची किंमत कळते.

आता पुन्हा पडद्याकडे बघा. सिनेमात सर्वात आधी कापली जाते ती हीच वाट. मर्सिडीज हायवेवर, कट, समुद्र. मधली गल्ली, कुणाच्या तरी अंगणाकडेनं जाणारी पायवाट, ‘बीच किधर है’ असं ज्याला विचारावं लागतं तो माणूस, हे सगळं एडिटिंगच्या टेबलावर राहतं. हॉटेल जे कुंपणानं करतं ते सिनेमा कटनं करतो. हेतू वेगळे आहेत, पण बघणाऱ्याच्या मनात उरणारं चित्र एकच: समुद्राला मधे कुणीच लागत नाही.

चिन्मयला चालावं लागतं

अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये हा कट नाही. २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवात बालप्रेक्षकांच्या ज्युरीनं याला क्रिस्टल बेअर दिलं आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही याला मिळाला. वडील गेलेला चिन्मय, आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातल्या लहान गावात येतो. कॅमेराही अविनाश अरुण यांचाच, आणि समुद्र त्यांनी अतिशय सुंदर टिपलाय. तरी हा समुद्र पोस्टकार्डाचा वाटत नाही. मला वाटतं याचं कारण वाटेत आहे.

इथे समुद्राकडे जायला सायकल लागते, चिखल लागतो, सोबत लागते. मुलं किल्ल्यापर्यंत सायकलींची शर्यत लावतात आणि पावसात चिन्मयला मागे ठेवून निघून जातात. त्या ओल्या दगडांमधला त्याचा एकटेपणा आणि शापोऱ्याच्या तटावरचा निवांतपणा शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे किल्ला, समुद्र, मित्र. पण चिन्मयला अजून त्या गावानं आपलं म्हटलेलं नाही, आणि जागा सुंदर आहे म्हणून ती आपोआप त्याची होत नाही. तिथली पोरं, शाळा, होडीवाला यांच्यातून वाट काढतच त्याला समुद्र मिळवावा लागतो.

‘किल्ला’ही बाहेरून आलेल्याच्याच नजरेचा सिनेमा आहे. चिन्मय जातो आणि बंड्या मागे राहतो. मागे राहिलेल्याचा समुद्र कसा असेल, हे आपल्याला फारसं कळत नाही. तरीही तो पाहुण्याला पाहुण्यासारखं वागवतो, मालकासारखं नाही. गोव्याच्या सिनेमांना हे अजून जमलेलं नाही.

बाप्पाला कुठल्या वाटेनं न्यायचं

हा प्रश्न फक्त गोव्याचा नाही. मॉरिशसचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं वाटावं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज त्या बेटावर आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि गणपती समुद्रातही विसर्जित होतात. भरतीच्या रेषेपासून आत ८१.२१ मीटरचा, म्हणजे जुन्या फ्रेंच मापानं पन्नास पावलांचा, पट्टा तिथे सरकारचा आहे आणि तो विकता येत नाही. मात्र भाडेपट्ट्यानं देता येतो, आणि हॉटेलांना व बंगल्यांना तो तसाच दिला गेलाय. लोकांसाठी ठरावीक किनारे ‘सार्वजनिक’ म्हणून जाहीर होतात. यादीतून पोंपोनेतसारखा एखादा किनारा हॉटेलसाठी काढायची वेळ आली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीच्या क्रिओल नावाचा अर्थच ‘आमचे किनारे चोरणं थांबवा’ असा आहे.

विसर्जनाचा विचार केला की सार्वजनिक किनारा म्हणजे काय ते चटकन समजतं. मिरवणुकीला रुंद वाट लागते, ढोल लागतात, म्हातारी माणसं आणि खांद्यावरची पोरं लागतात. मनगटाला पट्टा बांधून विसर्जन होत नाही. आमच्या मेहरूणच्या तलावावर जळगावचे गणपती जातात. एरवी तिथे सकाळी चालणारे असतात, हंगामात मेहरूणची प्रसिद्ध बोरं असतात, संध्याकाळी कुठेच एकत्र बसायला जागा नसलेली जोडपी असतात. तलाव गोव्याच्या समुद्रापुढे काहीच नाही, पण तिथे पोचायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्याकडे पाण्याचा काठ म्हणजे हाच, आणि त्याच्यावर अजून एकही सिनेमा आम्हाला ‘बाजूला व्हा’ म्हणालेला नाही.

गर्दी नकोशी वाटणं चूक नाही. आठवडाभर स्क्रीनसमोर बसलेल्याला शांतता हवीच असते, मलाही हवी असते. पण ती शांतता कुणाला तरी हटवून मिळाली आहे का, हे विचारायची सवय सिनेमानं आपल्याला लावलेली नाही. उलट ड्रोननं काढलेल्या प्रत्येक रीलमध्ये आपण तोच रिकामा किनारा पुन्हा बनवतो आणि शहाळीवाल्याला क्रॉप करतो.

मला गोव्यावरचा एक वेगळा सिनेमा बघायचाय. त्याची सुरुवात भुसावळला गोवा एक्सप्रेसच्या जनरल डब्यात व्हावी. चार पोरं दाराशी बसून जावीत, मडगावला उतरावीत, बस बदलावी, चुकावीत, कुणाला तरी रस्ता विचारावा. त्या माणसानं त्यांना आपल्या अंगणातून जायला सांगावं, किंवा नाही म्हणावं. समुद्र अर्ध्या तासानंतर दिसला तरी चालेल.